मणक्याच्या पाण्यातल्या चार पेशी

मेंदूभोवती आणि मणक्यात जे पाणी असतं, ते निरोगी माणसाचं असेल तर इतकं स्वच्छ असतं की नळीत काही आहे का हे बघायला नळी तिरपी करावी लागते. मी पंचवीसहून जास्त वर्षं लॅबमध्ये काम करतोय, आधी पेणला आणि आता रोह्याला. रक्त, लघवी, थुंकी रोजचीच. मणक्याचं पाणी क्वचित येतं, आणि आलं की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं, कारण त्यातल्या पेशी तासाभरात फुटायला लागतात. ते आलं की मी आधी खुर्चीवर नीट बसतो, चष्मा पुसतो आणि मग नळी उचलतो. बरोबरच्या लोकांना ही माझी शिस्त वाटते. मला तेवढा वेळ लागतो, एवढंच.

सतरा वर्षांपूर्वी अशा एका नळीवर माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं.

ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. आई आम्ही लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात बाबा, विधवा आत्या आणि ती. मी पेणमध्ये खोली घेऊन राहायचो आणि एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. गाव धरमतरच्या खाडीकडचं, खारजमिनीतलं. बहिणीचं लग्न रोह्यातल्या एका मुलाशी ठरलं होतं. मुलगा केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा, घरची माणसं साधी होती. साखरपुडा झाला होता. गणपती गेले आणि तिला ताप भरला. चौथ्या दिवशी डोकं इतकं दुखायला लागलं की तिला उजेड सहन होईना, मान वळवता येईना. पेणच्या दवाखान्यात आणली. डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका आली. त्यांनी तिला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून मणक्यातून पाणी काढलं. नळ्या घेऊन मीच गल्लीतून लॅबवर पळत आलो.

पेशी मोजायची एक जाड काच असते, तिच्यावर बारीक चौकोन आखलेले असतात. आम्ही तिला चेंबर म्हणतो. मी चेंबर भरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि एकेक चौकोन बघत गेलो. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग एक दिसली. गोल, गडद, स्वस्थ. मग आणखी. हिशेब केला तर आकडा चार आला. सगळ्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमधल्या. मी तीनदा मोजलं.

फॉर्मवर शेजारीच छापलेलं होतं, शून्य ते पाच नॉर्मल. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला माहीत नव्हतं. आकडा मला माहीत होता. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. कोर्सला आम्हाला शिकवणारे सर फळ्यावर डोक्याची आकृती काढायचे आणि तिच्याभोवती जाड रेघ मारायचे. मेंदू बंद पेटीत असतो, म्हणायचे, रक्तातले शिपाई आत जात नाहीत, आत दिसले तर समजा काहीतरी बिघडलंय. ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यामुळे शून्य हेच खरं, आणि पाचपर्यंत आपलं चालवून घेतात, तांदळात दोन-चार खडे चालवून घेतात तसं, अशी माझी समजूत होती.

बाबा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते. मला बघून उठले.

"काय सापडलं?"

"पेशी सापडल्या," मी म्हणालो. "चार. रोगाशी लढणाऱ्या."

"त्या असायला पायजेत का नको?"

"मेंदूच्या पाण्यात नको."

बाबांनी जरा विचार केला. आमच्याकडे शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. खाडीचं खारं पाणी एकदा आत आलं की पुढे दोन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून गावातली माणसं पाळीपाळीनं बांधावरून फिरतात आणि खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलानं बुजवतात. भोक राहिलं तर उधाणाचं पाणी तिथूनच बांध फोडतं. त्या फुटीला खांड म्हणतात. खांड पडली की हाक जाते आणि सगळा गाव टोपल्या घेऊन बांधावर धावतो. बाबांचं अर्धं आयुष्य या बांधावर गेलं होतं. त्यांना त्याच भाषेत कळायचं.

"म्हंजे बांधावर मानसं जमलीत," ते म्हणाले.

"व्हय."

"मानसं जमली म्हंजे खांड पडलीय."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. माझ्या शिक्षणातलं काहीतरी बाबांपर्यंत पोचलं होतं. गावात मी 'रगत तपासणारा' होतो. त्या बाकासमोर मी प्रथमच असं काही बघून आलो होतो जे दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे, साधा व्हायरल ताप दिसतोय, दोन दिवसांत घरी न्या. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, चहाबरोबर बटर खाल्लं, आत्याला म्हणाली, "माजे केस विंचर गो, गुंता झालाय." पण बाबांचं ठरलं होतं. ते आत्याला म्हणाले, "डॉक्टर चांगलंच सांगनार. तो बाहेरचा मानूस. आपला पोरगा आत बघून आलाय."

पुढच्या आठवड्यात बाबा एकटेच रोह्याला गेले आणि मुलाच्या घरी जाऊन सांगून आले की पोरीच्या मेंदूच्या पाण्यात दोष निघालाय. कुणी त्यांना जायला सांगितलं नव्हतं. लपवून पोरगी द्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलाकडच्यांनी पंधरा दिवस विचार केला आणि साखरपुड्याची साडी, अंगठी परत पाठवली. माणसं वाईट नव्हती. बाबांसारखा माणूस स्वतःच्या मुलीबद्दल असं सांगतो म्हटल्यावर त्यांनी तरी काय करायचं.

चार महिन्यांनी लॅबमध्ये पुन्हा मणक्याचं पाणी आलं. पेणमधल्याच एका शिक्षकांचं. मी मोजलं, दोन लिम्फोसाइट निघाल्या. आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा पनवेलहून सह्या करायला यायच्या. त्या दिवशी त्या होत्या. मी गंभीर चेहरा करून त्यांच्यापुढे कागद ठेवला.

"दोन," त्या म्हणाल्या. "बरं मग?"

"मॅडम, पेशी आहेत."

"असणारच. तुझ्यात पण असतील. माझ्यात पण. पाचाच्या वर गेल्या तर बघू." मग माझ्याकडे बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं, तिथे काहीच नसतं म्हणून?"

मी सरांच्या फळ्याबद्दल सांगितलं. त्या हसल्या, पण नीट समजावलंही. निरोगी मेंदू रिकामा नसतो, त्या म्हणाल्या. खुद्द मेंदूच्या आत त्याच्या स्वतःच्या राखण करणाऱ्या पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. आईच्या पोटात गर्भ अगदी लहान असतानाच त्या तिथे जाऊन बसतात, आणि माणूस जगतो तोवर तिथेच राहतात, तिथेच वाढतात. प्रत्येकीला बारीक बारीक हात असतात आणि ते हात सारखे हलत असतात, आजूबाजूला चाचपत असतात. कुठे काही मोडलंय का, कुठे कचरा पडलाय का. मेंदूवरच्या पडद्यांत आणखी वेगळ्या पेशी असतात. आणि पाण्यातून थोड्या लिम्फोसाइट फिरत असतात, जुने रोग लक्षात ठेवलेल्या. काही झालेलं नसतानाही त्या येतात, बघतात, जातात.

"काही झालेलं नसतानाही?" मी विचारलं.

"काही होऊ नये म्हणून," मॅडम म्हणाल्या आणि सही करून त्यांनी पुढचा कागद ओढला.

मी माझ्या टेबलाशी परत आलो. बाबा म्हणाले होते, माणसं जमलीत, आणि मी हो म्हटलं होतं. ती जमलेली माणसं नव्हतीच. ती बाबांसारखीच चार माणसं होती, कोरड्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, बांधावरून भोकं बघत चाललेली. हे समजायला बाबांइतका लायक माणूस सगळ्या पेणमध्ये नसेल. एका वाक्यात त्यांना कळलं असतं.

ते वाक्य मी त्या दिवशी बोललो नाही. साडी परत आली होती, आता सांगून काय होणार, असं मनाशी म्हटलं. नंतर म्हटलं, शिमगा होऊ दे. मग कळलं की रोह्याच्या मुलाचं दुसरीकडे जमलं, तेव्हा वाटलं आता तर सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं आणि प्रत्येक कारण तिच्या भल्याचं असायचं. खरं कारण एकच होतं. बाबांच्या नजरेत मी जो झालो होतो, तो मला राहायचं होतं.

पुढे माझं लग्न झालं, मी रोह्याला आलो, स्वतःची लहानशी लॅब टाकली. तिकडे बहीण घरात राहिली. बाबांनी तिला फार जपलं. भर उन्हात शेतावर जायचं नाही. डोक्यावरून ओझं आणायचं नाही. उपास करायचे नाहीत. पेणला गणपतीच्या कारखान्यात गावातल्या बायका रंगकामाला जातात, तिचा हात चांगला होता, तिला फार जायचं होतं. बाबांनी नाही म्हटलं, रंगाचा वास डोक्यात जातो. ती घरी शिवण करायला लागली. स्थळं येत, बाबा आधीच सगळं सांगत, स्थळं जात. नंतर येईनाशी झाली. कुणालाही दुखतं तसं तिचं डोकं कधी दुखलं, तर बाबा लगेच ओला फडका घेऊन तिच्या उशाशी बसत.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्याजवळ होतो. एकदा म्हणाले, "तू होतास म्हनून कळलं. नायतर दिली असती तिला, आनि काय झालं असतं." मी त्यांच्या पायाला तेल लावत होतो. लावत राहिलो.

त्यांच्या महिन्याच्या श्राद्धानंतर मी बहिणीला सांगायचं ठरवून रोह्याहून पेणला निघालो होतो. कासूला गाडी थांबली आणि मी उतरलो. पेणच्या एक स्टेशन आधी. का उतरलो ते सांगता येत नाही. तिथल्या बाकावर बसून राहिलो. त्या लाइनीवर गाड्या थोड्या, परतीची गाडी यायला तीन तास लागले. एक म्हातारा शेजारी येऊन बसला, म्हणाला, "गाडी चुकली काय?" मी म्हटलं, "नाय, उतरायचं स्टेशन चुकलं." "मग पुढं जायचं की मागं?" मी म्हटलं, मागं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तंबाखू मळायला लागला.

गेल्या माघात आत्याचा फोन आला. कोलाडला हायवेवर एकाची खानावळ आहे, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन गुजरातला. आत्याच्या सासरच्या कुणाच्या तरी ओळखीतला. त्यानं बहिणीबद्दल विचारलं होतं. दोनदा घरी येऊन गेला होता. बहीण चाळिशीची, तो पन्नाशीला टेकलेला.

"मानूस बरा हाय," आत्या म्हणाली. "बोलतो कमी, खातो व्यवस्थित. आनि हिला पन बरा वाटलाय, मला कळतं ना. पन ही म्हनते, माज्या डोक्यात आजार हाय, मी कुनाच्या गळ्यात कशाला पडू. तू जरा समजव. तुजं ऐकंल."

रविवारी मी निघालो. गाडीत बसल्यावर मला एक वाट सुचली. मेंदूतल्या या पेशींबद्दल अलीकडे खूप नवीन लिहिलं जातं. मी ते फोनवर शोधून शोधून वाचत असतो. पूर्वी वाटायचं त्यापेक्षा निरोगी मेंदूत आणि त्याच्या पडद्यांत किती निरनिराळ्या पेशी असतात, त्या नुसत्या पहारा देत नाहीत तर मेंदूची घडण नीट ठेवायलाही मदत करतात, असं काय काय. मला वाटलं, असंच सांगावं. आता नवीन शोध लागलाय, तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती मोकळी होईल आणि मीही. शोध तर खरेच होते. नागोठण्यापासून कासूपर्यंत मी ती वाक्यं मनात जुळवली. कासूला या वेळी उतरलो नाही. पेणला मिनीडोर रिक्षा मिळाली आणि साडेअकराला गावात पोचलो.

बहीण पडवीत सूप घेऊन सुका जवळा निवडत बसली होती. आत्या भिंतीला टेकून पाय पसरून.

"आला गो तुजा दाक्तर भाऊ," आत्या म्हणाली. "हातात बघ काय नाय. सुई तेवढी आनली असंल खिशातून."

"आत्या, मी डॉक्टर नाही."

"रगत काढतोस ना? तो पन काढतो. मग?"

बहीण हसली. "बस दादा. भाकऱ्या व्हायच्यात अजून."

मी तिच्यासमोर बसलो. थोडा जवळा माझ्याकडे ओढला आणि निवडायला लागलो. काड्या, शिंपल्यांचे तुकडे, एखादा बारीक खेकडा. मग म्हटलं, "तुला काही झालेलं नव्हतं."

"कवा?"

"तेव्हा. मणक्यातलं पाणी काढलं तेव्हा. साधा ताप होता."

तिची बोटं चालूच होती. "मग त्या पेशी?"

"त्या असतातच. प्रत्येकाच्या असतात."

"तुज्या पन?"

"माझ्या पण."

"आत्याच्या?"

"माज्या डोक्यात काय नाय बाबा," आत्या म्हणाली. "मला नको मोजू."

मी सांगत गेलो. जे बाबांना सांगायला हवं होतं ते. उधाण नसताना, बांध धड असताना, एखाद-दुसरा माणूस सकाळी बांधावरून भोकं बघत जातो, तशा त्या पेशी. कुणी लांबून त्याला बघावं आणि बांध फुटला म्हणून बोंब मारावी, तसं मी केलं.

"राखनीची मानसं," ती म्हणाली.

"व्हय."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं सूप खाली ठेवलं. मग तिनं तोच प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी गाडीत वाक्यं जुळवली होती. "तुला हे कवा कळलं?"

माझ्या तोंडाशी ती वाक्यं आली होती. नवीन शोध, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिचा चेहरा समोर होता. केस कानाजवळ पांढरे झालेले. मी म्हणालो, "त्याच वर्षी. चार महिन्यांनी. मॅडमनी सांगितलं."

ती उठली. मागच्या दारी गेली. हात धुतल्याचा आवाज आला. आत्यानं पाय जवळ घेतले.

"तुजं मढं नेलं," ती हळू म्हणाली. आत्या एरवी शिव्या मोठ्यानं देते. ही हळू दिली.

बहीण परत आली तेव्हा रडलेली नव्हती. उंबऱ्यावर उभी राहिली. "बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"तेरा वर्षं तो मानूस माज्या उशाशी ओला फडका घेऊन बसत होता, दादा. मी म्हनायची, जा बाबा, झोपा, काय नाय झालं. तर म्हनायचे, तुला नाय कळत, आतलं त्यानं बघितलंय." ती थांबली. "माजं लगीन नसतं झालं तरी चाललं असतं. पन त्यांचा जीव किती खाल्लास तू. एक दिवस सुखानं नाय गेला त्यांचा."

माफ कर, असं म्हटलं असतं तर तिला आणखी एक काम दिल्यासारखं झालं असतं.

"आनि कोलाडवाल्यांना मी परवाच फोन करून नाय म्हनून सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं, माज्या मेंदूच्या पान्यात दोष हाय. बाबा सांगायचे तसंच. लपवलं नाय. म्हंजे आता मी खोटं बोललेय त्या मानसाशी."

"तू कुठे खोटं बोललीस?"

"झालं ना पन खोटं! माज्या तोंडून गेलं ना!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तू जा आनि सांग त्यांना. माजं जमव म्हनून नाय. मला काय करायचं ते मी बघीन. जे खोटं गेलंय ते जाऊन पुस, बस."

जेवायला तिनं मला वाढलं. भाकरी, जवळ्याची चटणी, ताक. नेहमीसारखंच भरपूर. पण शेजारी बसली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅब अर्धा दिवस बंद ठेवून मी कोलाडला गेलो. खानावळ शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याची शेड, सात-आठ टेबलं, बाहेर दोन ट्रक उभे. जेवणाची वेळ होती. मालक स्वतःच कांदा चिरत गल्ल्याशेजारी बसला होता. दणकट माणूस, पांढरी बंडी. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं सुरी थांबवली नाही, फक्त समोरची खुर्ची पायानं सरकवली.

"बसा भाऊ. ट्रकवाले जेवून जाऊ देत."

ते गेल्यावर मी सांगितलं. बहिणीला कुठलाही आजार नव्हता आणि नाही. रिपोर्ट मी चुकीचा समजलो होतो. निरोगी माणसाच्या पाण्यातही त्या पेशी असतात. ती तुमच्याशी जे बोलली ते तिला खरं वाटत होतं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"मी विचारलेलं त्यांना, डोकं दुखतं का तुमचं," तो म्हणाला. "तर म्हणाल्या, सगळ्यांचं दुखतं तेवढंच दुखतं. मला तेव्हाच वाटलं, हा कसला आजार." तो जरा हसला. "चूक होते भाऊ. मानूसच हाय. तुम्ही एवढ्या लांब आलात ते बरं केलंत. जेवून जा."

मी नको म्हटलं. स्टॉपवर येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं. तुझं काही खोटं नव्हतं हेही सांगितलं."

"तुला कवा कळलं, ते?"

रस्त्यावरून एक कंटेनर गेला, त्याचा आवाज तिलाही गेला असेल.

"दादा."

"ते नाही सांगितलं."

"मग त्यांना वाटनार, तुला आता कळलं आनि तू धावत आलास." ती शांतपणे बोलत होती. "उद्या मी तिथं जायचं ठरवलं, तर मला तुजं ते झाकत बसावं लागंल जलमभर. नाय ठरवलं तर गोष्ट वेगळी. पन ते मी ठरवीन, तू आधी माघारी जा आनि सगळं सांग." फोन बंद झाला.

मी परत गेलो. मालक आता एकटाच जेवायला बसला होता. त्याच्यासमोर उभा राहूनच मी उरलेलं सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी कळलं होतं, चार महिन्यांत. वडिलांना सांगितलं नाही, ते गेले. बहिणीला काल सांगितलं. त्याचा घास हातात राहिला. मघाशी त्यानं मला ज्या नजरेनं बघितलं होतं ती गेली, आणि तिच्या जागी जी आली ती बरोबरच होती.

"त्यांना हे ठाऊक हाय?" त्यानं विचारलं.

"आहे. तिनंच परत पाठवलं."

त्यानं घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "त्या कोलाडला येतील का एकदा? खानावळ बघायला. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मला लगेच सुचलं होतं. मघाशी फोनवर तिचा आवाज कसा होता, 'तिथं जायचं ठरवलं तर' असं ती म्हणाली होती, हे सगळं मी त्याला सांगू शकलो असतो. तिच्या आतलं काय ते मला दिसलंय, असं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तिचा नंबर आहे तुमच्याकडे. तिलाच विचारा."

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा जेवायला लागला. मी स्टॉपवर आलो. रोह्याला चार वाजता पोचलो, शटर उघडलं. दाराशी दोन माणसं थांबली होती, त्यांचं रक्त घेतलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. आत्याचे फोन येतात, हवापाण्याचं बोलते. बहीण कोलाडला जाऊन आली की नाही, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.